बुलेटला तेल सुटलंय? पॅकिंग बदलायच्या आधी ब्रीदर बघा

सिंगल सिलेंडर गाडीला तेल सुटलं की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं असतं, पॅकिंग गेलंय नाहीतर सील गेलंय. मग कव्हर उघडायचं, जुनं पॅकिंग खरवडायचं, नवीन बसवून वरून अ‍ॅनाबॉन्ड (जॉइंट बुजवायची पेस्ट) फासायचं, आणि दोन महिन्यांनी तेल परत तिथूनच, किंवा तिथून बंद झालं तर दुसऱ्या जॉइंटमधून. हे असं का होतं याचं उत्तर बऱ्याचदा एका बोटभर जाडीच्या रबरी नळीत असतं जिच्याकडे कोणी बघत नाही, ती म्हणजे इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणारा ब्रीदर पाईप. सील आणि पॅकिंगचं काम आत उडणारं तेल अडवणं एवढंच आहे, सतत दाब धरून ठेवायला ती बनवलेलीच नसतात. आत दाब साठला की तेल सगळ्यात कमजोर जागा शोधणार, तुम्ही ती जागा बुजवली की पुढची शोधणार.

आधी आत काय चालतं ते नीट समजून घेऊ, कारण ते कळलं की बाकीचं तपासणं आपोआप सुचतं. मी उदाहरणाला जुनी कास्ट आयर्न इंजिनवाली बुलेट ३५० घेतो, कारण या गाडीत ब्रीदरचं सगळं नाटक उघडं दिसतं. बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी, म्हणजे ३४६ सीसी. आपण नेहमी पिस्टनच्या वरच्या बाजूचा विचार करतो, पेट्रोल-हवा आत येते, दाबली जाते, पेटते, धूर बाहेर. पण तोच पिस्टन खालच्या बाजूनेही हवा ढकलत असतो, सायकलच्या पंपासारखा. पिस्टन वरून खाली आला की चेंबरमधली (पिस्टनखाली क्रँक फिरतो त्या पेटीला, म्हणजे क्रँककेसला, आपल्याकडे बरेच फिटर चेंबरच म्हणतात) ३४६ सीसी जागा कमी झाली, वर गेला की तेवढीच वाढली. ३००० आरपीएमला हे सेकंदाला ५० वेळा होतं, म्हणजे सेकंदाला १७ लिटरहून जास्त हवा पिस्टनखाली इकडून तिकडे ढकलली जाते. आता समजा चेंबर पूर्ण बंद आहे आणि पिस्टन वर असताना आत दीड लिटर हवा आहे (हा आकडा फक्त हिशोबासाठी धरलाय), तर पिस्टन खाली येईपर्यंत ती हवा साधारण १.१५ लिटरमध्ये कोंबली जाते, दाब सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो, म्हणजे चार साडेचार पीएसआय. टायरच्या मानाने हे काहीच नाही पण शाफ्टवर बसलेल्या रबरी सीलच्या ओठासाठी आणि कागदी पॅकिंगसाठी भरपूर आहे, आणि ते सेकंदाला ५० वेळा.

हे झालं फक्त पिस्टनच्या हलण्याने होणारं. दुसरी गोष्ट ब्लो-बाय. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेला थोडा वायू बोअर आणि रिंगांच्या मधून, रिंगांच्या तोंडाच्या फटीतून खाली निसटतोच, नवीन इंजिनातसुद्धा. तो वायू बाहेर गेला नाही तर दर स्ट्रोकला भर पडत जाते. आणि तो नुसता वायू नाही, त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, काजळी असते, आम्ल तयार करणारे वायू असतात आणि पाण्याची वाफ असते. पाण्याचं लोकांना पटत नाही पण एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटरच पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. बहुतेक सायलेन्सरमधून जातं, थोडं खाली चेंबरमध्ये येतं. पावसाळ्यात रोज दोन किलोमीटर बाजारात जाऊन येणाऱ्या गाडीचं ऑइल कॅप उघडून बघा, खाली पिवळट पांढरं लोण्यासारखं काहीतरी चिकटलेलं दिसेल, ते तेल आणि पाणी घुसळून झालेलं आहे. इंजिन पुरेसं तापतच नाही, वाफ ब्रीदरमधून बाहेर पडायच्या आधी थंड पत्र्यावर जमते. कोकणात आणि घाटमाथ्यावर हे जास्त दिसतं. लगेच हेड पॅकिंग गेलं म्हणून घाबरू नका, एअर कूल्ड इंजिनात कूलंट नसतोच तर पाणी येणार कुठून, गाडी तीस चाळीस किलोमीटर सलग चालवा आणि ब्रीदर मोकळा आहे ना ते बघा.

म्हणजे ब्रीदरची कामं दोन, पिस्टनमुळे होणारी हवेची ढकलाढकली सोसणं आणि ब्लो-बाय बाहेर काढणं. आता इथे व्हॉल्व येतो.

नुसती नळी लावली तर पिस्टन खाली येताना हवा बाहेर जाईल आणि वर जाताना तीच हवा परत आत ओढली जाईल. यात दाब साठत नाही हे खरं पण बाहेरची धूळ आणि ओलावा आत येतो आणि दर फेऱ्याला बाहेर जाणारी हवा तेलाचे थेंब घेऊन जाते. म्हणून एकेरी व्हॉल्व लावतात, बाहेर जायला उघडतो आणि आत यायला बंद. पिस्टन खाली आला, हवा बाहेर गेली. पिस्टन वर गेला, व्हॉल्व बंद, आतली उरलेली हवा पसरली, दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झाला. पुढच्या वेळी पिस्टन खाली येतो तेव्हा बाहेर ढकलायला जास्तीची हवा उरलेलीच नसते, ब्लो-बायने जेवढी आली तेवढीच जाते. असे थोडे फेरे झाले की चेंबरमधला सरासरी दाब बाहेरच्यापेक्षा कमी राहतो, थोडा व्हॅक्यूम. आणि आत व्हॅक्यूम असेल तर तेल सीलमधून बाहेर येणार नाही, उलट सीलच्या बाहेरची हवा आत यायला बघेल. माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे, एक चिमूटभर रबर सगळ्या इंजिनाची गळती थांबवतं.

बुलेटच्या जुन्या इंजिनात हा व्हॉल्व डकबिल असतो, रबराचा चपटा तुकडा, दोन ओठ एकमेकांना चिकटलेले, आतून हवा आली की ओठ उघडतात, बाहेरून ओढली की मिटतात. बाकी गाड्यांत वेगवेगळे प्रकार आहेत. काही इंजिनांत छत्रीसारखी रबरी चकती असते, हार्लेच्या हेडमध्ये ती बघायला मिळते. बीएमडब्ल्यूच्या जुन्या बॉक्सर इंजिनांना (दोन सिलेंडर समोरासमोर आडवे) आधी पत्र्याची चकती होती आणि नंतर रीड, म्हणजे पातळ पोलादी पाकळी, यामाहा आरएक्स १०० च्या इनटेकला असते तसलीच पण काम वेगळं. ट्रायम्फच्या जुन्या ट्विनमध्ये (दोन सिलेंडरच्या इंजिनात) तर कॅमशाफ्टच्या टोकाला फिरणारी भोकाची चकती होती, ती पिस्टनच्या ठरलेल्या वेळीच भोक उघडायची, त्याला टाइम्ड ब्रीदर म्हणतात. रीड सगळ्यात चपळ, जास्त आरपीएमलाही साथ देते. बॉल आणि स्प्रिंगवाले जड व्हॉल्व वेग वाढला की नुसते थरथरतात, ना धड उघडत ना बंद होत. काही बुलेटवाले कारचा पीसीव्ही व्हॉल्व आणून बसवतात. तो मुळात कारच्या मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) व्हॅक्यूमवर ब्लो-बाय कमी जास्त सोडण्यासाठी बनवलेला आहे, सिंगल सिलेंडरच्या धक्क्यांसाठी नाही. आयडलला चालतो, गाडी पळवली की त्याचं काम मला पटत नाही, त्यापेक्षा चांगलं डकबिल किंवा रीड लावा.

सगळ्या इंजिनांना हे सारखंच लागू नाही. चार सिलेंडरच्या इनलाइन इंजिनात दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, चेंबरची एकूण जागा जवळपास तेवढीच राहते, ब्रीदरला फक्त ब्लो-बाय सांभाळावा लागतो. निन्जा ३०० सारख्या १८० डिग्री क्रँकच्या ट्विनमध्येही (एक पिस्टन वर तेव्हा दुसरा खाली) तसंच. पण जुन्या ब्रिटिश ट्विनमध्ये दोन्ही पिस्टन बरोबर वर आणि बरोबर खाली, म्हणजे ६५० सीसी इंजिन पूर्ण ६५० सीसी हवा ढकलणार, त्या गाड्या तेल गळण्यासाठी बदनाम झाल्या त्यामागे हे एक मोठं कारण आहे. बॉक्सरमध्ये दोन्ही पिस्टन एकदम आत येतात तिथेही तीच गत. इंटरसेप्टर ६५० चा क्रँक २७० डिग्रीचा आहे, तिथे ढोबळमानाने साडेचारशे सीसीच्या आसपास फरक पडतो, म्हणजे मधलं प्रकरण. आणि आरएक्स १००, जुनी येझदी, जुनी राजदूत यांच्या चेंबरला ब्रीदर शोधत बसू नका, टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण चेंबरमधूनच जातं, तिथे भोक असलं तर गाडी चालूच होणार नाही. त्यांच्या गिअरबॉक्सला मात्र ब्रीदर असतो.

आता आजच्या गाड्यांत, स्प्लेंडर घ्या किंवा कुठलीही, ब्रीदर पाईप उघडा सोडलेला नसतो, तो एअर फिल्टरच्या डब्यात जातो. तेलाची वाफ आधी इंजिनातल्याच एखाद्या कप्प्यात हळू होते, थेंब वेगळे होऊन खाली परत जातात आणि उरलेला वायू फिल्टर बॉक्समधून परत इंजिनात जाऊन जळतो. जे तेल-पाणी तरीही डब्यात येतं ते खाली एका बंद टोकाच्या पारदर्शक नळीत साठतं. ही नळी गाडीखाली लोंबत असते, शेवटी बूच असतं, आणि दर सर्व्हिसिंगला ती रिकामी करायची असते, पावसात किंवा सतत फुल थ्रॉटलवर चालवली तर त्याहून लवकर. किती लोकांनी ही नळी आयुष्यात एकदा तरी उघडलीय विचारा. ती भरली की पाणी-तेल डब्यात चढतं, फिल्टर भिजतो, प्लग काळा पडतो, ॲव्हरेज जातं, आणि दोष कार्बोरेटरला लागतो.

हे वायू परत जाळण्याचं बंधन कारमध्ये फार आधी आलं, कॅलिफोर्नियात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच. आपल्याकडे प्रदूषणाच्या बीएस ६ नियमांत (१ एप्रिल २०२० पासून) चेंबरचा वायू सरळ हवेत सोडायला जागाच नाही, त्यामुळे नवीन गाडीचा पाईप फिल्टर बॉक्समधून काढून त्याला छोटा गोल फिल्टर लावायचं जे फॅड आहे ते करू नका. दिसायला छान वाटतं, पण बेकायदा आहे, आणि व्हॉल्व नसेल तर त्या छोट्या फिल्टरमधून इंजिन धूळ ओढत बसतं.

आता तपासायचं कसं. सुरुवात तेलाच्या लेव्हलपासून करा कारण ब्रीदरमधून तेल येण्याचं सगळ्यात साधं कारण जास्त भरलेलं तेल हेच आहे. स्प्लेंडरसारख्या गाडीत इंजिन थोडं गरम करायचं, बंद करून दोन तीन मिनिटं थांबायचं, गाडी सपाट जागी मेन स्टँडवर, डिपस्टिक पुसून नुसती टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत. जुन्या बुलेटला मात्र वेगळा नियम आहे आणि तो न कळल्यामुळे बऱ्याच गाड्यांत तेल जास्त भरलं जातं. तिच्यात तेलाची टाकी इंजिनाच्या कास्टिंगमध्येच वेगळा कप्पा करून दिलेली आहे, गाडी दोन चार आठवडे उभी राहिली की तेल पंपातून हळूहळू झिरपून चेंबरमध्ये उतरतं. त्या वेळी डिपस्टिक कोरडी दिसते, माणूस अर्धा लिटर ओततो, मग किक मारल्यावर चेंबरमधलं तेल परत टाकीत येतं आणि टाकी ओसंडते, ब्रीदरमधून तेलाची धार. म्हणून बुलेटचं तेल गाडी पाच मिनिटं चालवून मगच बघायचं. आणि बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीने पहिल्या मिनिटाला ब्रीदरमधून थोडं तेल टाकलं तर तो बिघाड नाही.

मग पाईप बघा. अख्खा काढा, वाकवून बघा, भेगा कुठे आहेत, क्लिपच्या जागी कापलाय का, सीटखाली किंवा चेनकव्हरपाशी दबलाय का. आरपार उजेड दिसला पाहिजे. उभ्या राहिलेल्या गाडीत कुंभारीण माशी नळीत मातीचं घर करते हे गावाकडे नेहमी होतं, बारीक तार घालून साफ करा आणि मग नळी धुवा. परत बसवताना पाईप इंजिनातून निघून आधी वर चढला पाहिजे म्हणजे नळीत जमलेलं तेल परत खाली इंजिनात येईल, आणि मध्ये कुठेही झोळ नको, झोळात तेल-पाणी साठून बूच बसतं. नळीचा व्यास कंपनीपेक्षा कमी करू नका, बाजारात बसेल ती पेट्रोलची नळी लावून देणारे लोक आहेत, ती बारीक असते आणि गरम तेलाने लवकर फुगते.

व्हॉल्व तपासणं सोपं आहे. काढा, इंजिनाच्या बाजूने तोंडाने फुंका (आधी पुसून, किंवा स्वच्छ नळीचा तुकडा लावून), हवा सहज गेली पाहिजे. दुसऱ्या बाजूने फुंकल्यावर अजिबात जाता कामा नये. डकबिल असेल तर ओठ उजेडासमोर धरा, फट दिसली किंवा रबर कडक झालं असेल तर सरळ बदला, ही फार स्वस्त वस्तू आहे. पेट्रोलमध्ये बुडवून धुवू नका, रबर फुगतं, साबणाच्या पाण्याने धुवून वाळवा. पोलादी रीडला रॉकेल चालतं, पाकळी बोटाने वाकवून मात्र बघू नका. बसवताना दिशा दोनदा तपासा, उलटा बसला तर इंजिन हवा आत घेईल आणि बाहेर सोडणारच नाही, एखादं सील उडू शकतं. व्हॉल्व इंजिनाच्या जितका जवळ तितका चांगला, कारण व्हॉल्व आणि चेंबर यांच्या मधल्या नळीतली हवा नुसती पुढे मागे होत राहते, तेवढा व्हॅक्यूम कमी मिळतो. मीटरभर नळीच्या टोकाला व्हॉल्व लावून उपयोग नाही.

आता इंजिन चालू करून बघायचं. पाईपचं टोक फिल्टर बॉक्समधून किंवा कॅचकॅनमधून (ब्रीदरचं तेल साठवायच्या डब्यातून) काढा, आयडलला अंगठा हलकेच टोकावर ठेवा. व्हॉल्व नसलेल्या सिंगलमध्ये ढकल आणि ओढ दोन्ही लागतील. व्हॉल्व चांगला असेल तर सुरुवातीला फुस फुस आणि मग अगदी हलकी ढकल, ओढ नाही. ओढ लागली तर व्हॉल्व गळतोय. अंगठा घट्ट दाबून धरून ठेवू नका, आपण दाबच तर टाळायचा प्रयत्न करतोय.

ज्यांना आकड्यात बघायचंय त्यांनी दोन मीटरची पारदर्शक नळी घ्यावी, यू आकारात फळीवर बांधावी, अर्ध्यापर्यंत इंजिन ऑइल भरावं (पाणी नको, चुकून आत ओढलं गेलं तर तेलच जाईल), एक टोक जुन्या ऑइल कॅपला भोक पाडून जोडावं आणि दुसरं उघडं. इंजिनाकडची बाजू बऱ्यापैकी लांब वर जाऊ द्या. धक्क्यांमुळे तेल नाचतं म्हणून नळी मध्ये चिमट्याने बरीचशी दाबून ठेवा. जुन्या बुलेटला एक लक्षात ठेवा, तिची डिपस्टिकची कॅप टाकीच्या कप्प्यावर असते, चेंबरवर नाही, तिथे जोडून चेंबरचा दाब कळणार नाही, त्यामुळे व्हॉल्वच्या आधी ब्रीदर पाईपलाच टी (तीन तोंडांचा जोड) लावून जोडा. इंजिनाकडच्या बाजूला तेल वर चढलं तर व्हॅक्यूम आहे, म्हणजे ब्रीदर काम करतोय. उघड्या बाजूला चढलं तर आत दाब आहे. थ्रॉटल वाढवून बघा, आरपीएम वाढल्यावर व्हॅक्यूम एकदम गेला तर व्हॉल्व वेगाला साथ देत नाहीये किंवा नळी बारीक पडतेय.

एवढं सगळं ठीक निघूनही ब्रीदरमधून जोरात धूर आणि तेल येत असेल, ऑइल कॅप काढल्यावर भसाभसा वाफारा येत असेल, तर मग ब्लो-बायच जास्त आहे, रिंगा किंवा बोअर गेलाय. याची खात्री इंजिन खोलायच्या आधी करा. कॉम्प्रेशन गेज लावून आकडा घ्या, मग प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल घाला, दोन चार किका मारून तेल पसरू द्या आणि परत आकडा घ्या. कॉम्प्रेशन चांगलंच वाढलं तर रिंगा-बोअर, वाढलं नाही तर हेडमधल्या (ब्रीदरच्या नव्हे) व्हॉल्वच्या सीट किंवा हेडचं पॅकिंग बघा. रिंगा गेलेल्या इंजिनाला मोठा ब्रीदर लावून गळती थोडी कमी होते, पण ते इंजिन बांधायचंच आहे हे मनाशी धरून चाला.

जुन्या बुलेटवाल्यांसाठी अजून एक महत्त्वाचं. ब्रीदरचं टोक चेनवर सोडायची जुनी पद्धत आहे, चेनला फुकट तेल मिळतं म्हणून. थोडं तेल असेल तोवर ठीक, पण एकदा का रिंगा झिजल्या किंवा तेल जास्त भरलं गेलं की तेच तेल चेनवरून उडून मागच्या टायरवर येतं, आणि ओल्या रस्त्यावर वळणात हे जिवावर बेतू शकतं. त्यापेक्षा कॅचकॅन ठेवा, कंपनीने दिलेला फेकून दिला असेल तर झाकणाची छोटी ॲल्युमिनियमची बाटली चालते, वरून दोन तोंडं, एकात इंजिनाचा पाईप आणि दुसऱ्यातून फिल्टर बॉक्सकडे, आत थोडी स्टीलची घासणी भरा म्हणजे थेंब त्यावर अडकून खाली पडतील. घासणी चांगल्या जाड तारेची घ्या आणि फिल्टरकडच्या तोंडाला जाळी लावा, तारेचा तुकडा कार्बोरेटरकडे जाता कामा नये. तळाला एक नळ किंवा बूच ठेवा. त्यात साठलेलं तेल परत इंजिनात ओतू नका, त्यात पाणी आणि पेट्रोल असतं.

नदी-नाले ओलांडणाऱ्यांनी ब्रीदरचं टोक कुठे आहे ते आधी बघून ठेवा. गरम इंजिन थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते, आणि उघडं टोक पाण्याखाली असेल तर इंजिन ते पाणी ओढून घेतं. टोक सीटखाली उंच न्या. पलीकडे गेल्यावर ऑइल कॅप काढून तेलाचा रंग बघा, दुधाळ दिसलं तर गाडी तशीच पुढे न्यायची नाही, तेल तिथेच बदलायचं.